भट्टीपुढचा फोटो

मंगळवार, ४ फेब्रुवारी

ठिणगे,

आशीर्वाद आहेच. घ्यायचा तर घे, नाही तर पाकिटात पडून राहू दे, आपल्या पावासारखा तो चार दिवसांत नासत नाही. आता यावरून चिडू नकोस. पावाचं नावच काढायचं नाही असं ठरवून बसले होते आणि सुरुवातीलाच घसरले. माझ्या जिभेला लगाम नाही, तसा लेखणीलाही नाही, तुला काय सांगायचं.

मागची पत्रं उघडलीस की नाही कोण जाणे. परत आली नाहीत एवढ्यावर मी खूश. पोस्टमन म्हणाला, "आजी, परत आलं नाही म्हणजे पोचलं." मी म्हटलं, "अरे, चुलीत घातलेलंही परत येत नाही." तो हसत सुटला. फोन तू उचलत नाहीस, मग हेच बरं. चौथीपर्यंत शिकले ते काय नुसती सही करायला?

आज एक किळस सांगते आणि एक गंमत. आधी किळस, म्हणजे शेवटी तोंडात गंमत राहील.

भट्टीपुढचा फोटो भिंतीवरून उतरवला. मोठी भट्टी पहिल्यांदा पेटवली त्या दिवशीचा. मधे खुर्च्यांवर हे आणि मी, बाजूला तुझा दादा नवीन शर्टात ताठ, आणि मागे सगळे कामगार पांढऱ्या टोप्या, पांढरे एप्रन घालून. आणि घरच्या माणसांत उभं राहायचं सोडून तूही त्यांच्यातच, टोपी घालून. फोटो उतरवला आणि मागे काय, झुरळांचा अख्खा गाव वसलेला. अंडी, पंख, कसली कसली भुकटी. मला शिसारी आली. त्याच्याखाली आपण इतकी वर्षं पाव विकला! तुझी वहिनी नाकाला रुमाल लावून म्हणते, "आई, तुम्हीच पुसा, तुम्हाला सवय आहे." झुरळांची सवय कुणाला असते गं? पुसलं मीच.

उतरवला कशाला, तर बेकरीला चाळीस वर्षं होतात. दादानं चौकात काचेचं नवीन दुकान थाटलंय, तिथं हा फोटो भिंतभर मोठा करून लावायचा आहे. खाली सोनेरी अक्षरांत "विश्वासाची चाळीस वर्षं". दुकानात केक आहेत निळ्या क्रीमचे. निळ्या! अन्न कधी निळं असतं? खाल्लं की माणसाची जीभ मेलेल्यासारखी दिसते. आणि लोक पैसे देऊन ती जीभ एकमेकांना काढून दाखवतात.

आता गंमत. आपली चिमणी, म्हणजे दादाची लेक, तू गेलीस तेव्हा शाळेत होती, ती आता कॉम्प्युटरवर चित्रांचं काम करते. खोक्यांवरची, पाट्यांवरची. इतकं सुंदर करते की मी तिच्या खोलीत स्टूल टाकून बसते. तर तिच्या स्कॅनरची काच शाळेच्या पाटीएवढी, आणि फोटो भट्टीतल्या ट्रेएवढा. मग तुकड्या-तुकड्यानं घ्यायचा. एका तुकड्याची कड पुढच्या तुकड्यात थोडी यायलाच हवी, म्हणजे नंतर जोडता येतं. झाकण काढून ठेवलं, उजेड आत शिरू नये म्हणून वरून माझी काळी शाल टाकली, आणि मी दोन्ही हातांनी दाबून उभी. मी या वयात मशीन चालवलं, ठिणगे! एका तुकड्यात माझा अंगठाच छापून आला. चिमणी म्हणते, "आजी, तुझा अंगठा पप्पांच्या तोंडावर आलाय." मी म्हटलं, "राहू दे, तिथं त्याची गरज आहे."

तिनं तो तुकडा पुन्हा घेतला. माझं कुणी ऐकत नाही.

तुझी आई


रविवार, ९ फेब्रुवारी

ठिणगे,

जोडकाम चालू आहे, आणि माझं घरातलं दुसरं सगळं काम बंद. वहिनी म्हणते, "आई, तुम्ही आता कॉम्प्युटरशी लग्न लावा." मी म्हटलं, "पहिलं लग्न काय कमी आवाज करत होतं!" पण खरं सांगते, इतकं बघण्यासारखं मी कधी बघितलं नव्हतं.

आधी चिमणीनं कॉम्प्युटरलाच सांगितलं, बाबा, तूच जोड. त्यानं चुटकीसरशी जोडून दिलं. एक सांधा दिसेना. ती टाळ्या पिटायला लागली. मी चष्मा लावून एकेक तोंड बघत गेले, कारण मला ती सगळी तोंडं पाठ आहेत, त्यांना जेवायला मीच वाढलंय. मी म्हटलं, "अगं, लांब्या कुठाय?" ती म्हणते, "कोण लांब्या?" लांब्या आणि गोट्या, दोघं शेजारी उभे होते बघ, दोघांची तीच टोपी, तोच एप्रन, तोंडाला तेच पीठ, तीच हाताची घडी. कॉम्प्युटरला वाटलं, एकाच माणसाचा फोटो दोनदा आलाय. त्यानं एकाला दुसऱ्यावर ठेवून दिलं. लांब्या गायब आणि गोट्याला तीन कोपरं! चिमणी हसून हसून खुर्चीवरून पडायची राहिली. मी पण हसले, पण मला जरा शहारल्यासारखं झालं. आयुष्यभर भट्टीपुढे भाजलेला माणूस, आणि टोपीपायी गेला.

म्हणून मग चिमणी हातानं जोडायला बसली. एक तुकडा खाली ठेवते, दुसरा त्याच्यावर. वरचा अर्धवट पारदर्शक करते, तुपकट झालेल्या कागदासारखा. मग सरकवते. केसाएवढं इकडे, केसाएवढं तिकडे, जरा वळव, जरा सरळ कर, कारण मी शाल दाबताना कागद तिरका झालेला. तोवर सगळ्यांना चार-चार डोळे. तुझ्या वडिलांना दोन नाकं! एक होतं तेच घरभर पुरत होतं. आणि मग अचानक डोळ्यावर डोळा बसतो आणि तिथं एक माणूस होतो. ते बघून मला दर वेळी बरं वाटतं. मग रंग. एक तुकडा पिवळट, एक काळसर, एकाच भट्टीचे पाव पण एक करपलेला आणि एक कच्चा, तसं. ते सारखे करते, आणि सांध्यावर मऊ ब्रशनं हळूहळू पुसत जाते, म्हणजे एक तुकडा कुठं संपला आणि दुसरा कुठं लागला ते कळत नाही. मोठं चिकाटीचं काम. पोरीच्या बोटांत तिच्या आजोबांची नजर आहे.

दादा आला बघायला. चिमणीनं गमतीनं त्याला तो कॉम्प्युटरनं केलेला फोटो दाखवला. "पप्पा, यात कोण नाही, ओळखा." तो वाकून वाकून बघतोय. त्याला काही सांगता येईना. मालक म्हणवतो आणि लांब्या गेलेला कळला नाही! शेवटी तिनंच सांगितलं. तो मोठ्यानं हसला. मग हसता हसता थांबला.

"म्हणजे कापावं लागत नाही?" त्यानं विचारलं.

"नाही ना. नुसतं सरकून एकावर एक आलंय."

"आणि कुणाला कळतसुद्धा नाही."

"आजीला कळलं."

"हं," तो म्हणाला.

मी त्याला जन्म दिलाय. त्याचं ते "हं" मला आवडलं नाही. पण ते राहू दे. तुझ्याकडे थंडी असेल, कानाला काहीतरी बांधत जा.

तुझी आई


गुरुवार, १३ फेब्रुवारी

ठिणगे,

हे तुला लिहायचं नाही असं ठरवलं होतं. काल लिहिलेलं पत्र फाडलं, त्यात नुसती निळ्या केकची निंदा होती. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू?

दादानं चिमणीला सांगितलं, फोटोतून तुला काढ.

जेवताना सांगितलं. असं, जसं काही भाजीत मीठ कमी आहे. "ती मागच्या रांगेतली मुलगी नको. तुकडा सरकव जरा. लांब्या गेला तशी जाईल."

चिमणीचा घास हातातच राहिला. "आत्या?"

"लोक येणार त्या दिवशी समारंभाला. विचारतील ही कोण. काय सांगू? जिनं माझ्या दुकानाला टाळं लावलं ती?"

मी म्हटलं, "टाळं तिनं नाही लावलं. शिळ्या पावानं लावलं."

त्यानं ताट सरकवलं. वहिनी म्हणाली, "आई, फोटोच तर आहे." फोटोच तर आहे! मग भिंतभर कशाला लावताय?

चिमणीला खरं काही माहीतच नव्हतं गं. घरात तिला एवढंच सांगितलेलं, आत्या भांडून गेली. मग मी तिला सगळं सांगितलं, दाराला कडी न लावता, ज्याला ऐकायचं त्यानं ऐकावं म्हणून. दुकानांतून परत आलेला पाव नवीन कागदात घालून, नवीन तारीख मारून पुन्हा जात होता. बुरशी असेल तर तेवढी कड कापायची. तू दादाला समजावलंस, हात जोडलेस, पावाची लादी त्याच्यासमोर आपटलीस. मग वसतिगृहातल्या मुलींची पोटं बिघडली, आणि तू तपासनिसाला नेऊन मागचं गोदाम उघडून दाखवलंस. मी होते तिथं. अजून तो वास माझ्या नाकात आहे, ओला, गोडसर, मेलेला. पावाचा वास असा होतो हे मला तोवर माहीत नव्हतं. हे तेव्हा गेलेले होते, सुटले.

चिमणीनं विचारलं, "आणि आता?" आता तो ताजाच विकतो. खोटं कशाला बोलू, मी रोज सकाळी ट्रेजवळ जाऊन वास घेते. ते तुझ्यामुळे. पण त्याच्या तोंडून तसं निघत नाही. चोर तो चोर, वर शिरजोर.

तू म्हणालीस, या घराचा पाव आता खाणार नाही, आणि गेलीस. त्या "घरा"त तू मलाही धरलंस. त्याबद्दल मी रुसले आहे, आणि रुसलेलीच राहणार. तो हिशेब आपला दोघींचा वेगळा. त्याचा या फोटोशी संबंध नाही.

तर चिमणीनं केलं. बापापुढे बोलायची तिची छाती नाही, आणि मीही तिला भरीला घातलं नाही, तिला त्याच घरात राहायचं आहे. मी स्टुलावर बसून बघितलं. तिनं लांब्याचा तुकडा धरला आणि इकडे सरकवला. आधी तुझा कान गेला. मग अर्धं तोंड. क्षणभर तू आणि लांब्या मिळून एकच माणूस होतात, त्याची मिशी आणि तुझे डोळे. मग तेही गेलं. ना आवाज, ना काही. कापलं असतं तर निदान कागद तरी फाटला असता.

मला शिसारी आली. झुरळं पुसताना आली नव्हती एवढी.

मी खुर्चीत पुढे बसलेली, म्हणून माझ्या कडेकडेनं पुसून मला तिनं जशीच्या तशी ठेवली. आणि ठिणगे, तू मागे उभी राहून माझ्या खांद्यावर हात ठेवला होतास ना, तो तिथंच राहिला. तू नाहीस. हात आहे. चार बोटं पुढे, अंगठा मागे.

आज एवढंच. मला जेवण गेलं नाही.

तुझी आई


बुधवार, १९ फेब्रुवारी

ठिणगे,

तो हात सगळ्यांत आधी वहिनीला दिसला. ती अशी किंचाळली की शेजारीण धावत आली. "अगं बाई, आईंच्या खांद्यावर भूत!" मी म्हटलं, "भूत कसलं? नणंद आहे तुझी." लांब्याचे दोन्ही हात घडीत, गोट्याचेही घडीत, मग हा पाचवा हात कुणाचा? दादानं बघितलं. मला वाटलं, आता तरी लाजेल. म्हणतो, "हात पण काढ."

सांगू कसा काढला? त्या दिवशी माझ्या अंगावर चौकड्यांची शाल होती. चिमणीनं माझ्या दुसऱ्या खांद्यावरच्या चौकड्या उचलल्या, उलट्या केल्या, आणि तुझ्या बोटांवर एकेक चौकट नेऊन बसवली. रेघेला रेघ जुळवली. एक बोट, दुसरं बोट. झाल्यावर मी भिंग घेऊन बघितलं, मलासुद्धा सांधा सापडला नाही. इतकं चांगलं काम आणि इतकं घाणेरडं! दूध नासलं की निदान फाटतं तरी, कळतं तरी. हे नासलेलं कळतच नव्हतं. तेव्हापासून माझा तो खांदा खाजतोय. मनाचे खेळ असतील, पण खाजतोय खरा, तेल लावून झालं.

एवढ्यावर थांबतील तर शपथ. वहिनी म्हणाली, "आता हात लागलाच आहे तर आईंना जरा तरुण कर. आणि मामंजींचं नाक." माझ्या तोंडावरच्या सुरकुत्या पुसल्या. मी त्या फोटोत काही म्हातारी नव्हते, पण भट्टीचा धूर आणि पहाटेचं उठणं, ते दिसत होतं. आता मी मळलेल्या पिठाच्या गोळ्यासारखी दिसते, भाजायला घालायची बाकी. लांब्याच्या एप्रनवरचे डाग काढले. भट्टीची काजळी काढली. काजळी नसलेली भट्टी! मग पाव काय उन्हात भाजत होतो? दादा मागे उभा राहून म्हणतो, "वा! आता कसं स्वच्छ वाटतं." मी उठून बाहेर गेले आणि चूळ भरून आले. खरंच गेले. तोंड कडू झालं होतं.

काल दुपारी घरात चिमणी आणि मी दोघीच. ती कॉम्प्युटर न लावता नुसती बसली होती. मला म्हणते, "आजी, मला चिमणी का म्हणतात?" मी म्हटलं, तुला आठवत नाही? लहानपणी तू भट्टीपाशी यायचीस आणि आत्या उरलेल्या पिठाची चिमणी करून तुला भाजून द्यायची, डोळ्याला मिरी लावून. तू डोळा आधी खायचीस आणि मग तिखट लागलं म्हणून रडायचीस. ती आपल्याच बोटांकडे बघत बसली. थोड्या वेळानं म्हणाली, "मी तिचीच बोटं पुसली."

मग मी तिला एक गोष्ट सुचवली. काय ते आता लिहीत नाही. पत्र कुणी चुकून उघडलं तर घोडं पेंड खाईल. ती एवढे डोळे करून म्हणाली, "आजी, पप्पा मला मारून टाकतील!"

मी म्हटलं, "आधी तो मलाच शोधत बसेल."

समारंभाच्या आधी फोटो छापायला पाठवायचा आहे. पसंत करायचा तो दादानं केला. पण पाठवायचं बटण कुणाच्या बोटाखाली आहे, हे त्याच्या लक्षात नाही. मोठ्या माणसांचं असंच असतं. मला आज फार दिवसांनी भूक लागली आहे.

तुझी आई


शनिवार, १ मार्च

ठिणगे,

बस, नीट बस. उभ्यानं वाचू नकोस.

आज समारंभ झाला. काचेचं दुकान माणसांनी भरलेलं. दादा कोटात. वहिनीनं माझ्या मागे लागून लागून मला नवीन शाल पांघरवलेली. भिंतीवर पडदा. दादानं भाषण केलं, विश्वास, कष्ट, आईवडिलांचे आशीर्वाद, हे ते, मी ऐकलं नाही, मला हसू आवरत नव्हतं. मग त्यानं दोरी ओढली.

टाळ्या झाल्या. मग टाळ्या विरळ झाल्या. मग एक बाई म्हणाली, "आजी कुठायत?"

मी फोटोत नाही, ठिणगे! हे बसलेले आहेत खुर्चीवर, आणि शेजारची खुर्ची रिकामी. चिमणीनं काय काम केलंय! खुर्चीची पाठ फोटोत नव्हतीच, माझ्याआड होती. ती तिनं ह्यांच्या खुर्चीवरून उचलून आणली. बैठक दादाच्या पायाजवळ रचलेल्या लाकडातून केली. मागच्या कामगारांची पोटं पुरी केली. लांब्या आणि गोट्या मात्र दोघंही आहेत, वेगवेगळे, आपापल्या कोपरांसकट. भट्टीची काजळीही तिनं परत आणली. नाही आहोत त्या फक्त आपण दोघी.

दादाचं तोंड बघायला हवं होतंस. आधी पांढरं, मग त्या केकसारखं निळं. वहिनीच्या हातातला पेला तिरका होऊन पाहुण्यांच्या बुटात सरबत. कुणीतरी म्हणालं, "अहो, आजी तर इथं उभ्या आहेत, मग फोटोत का नाहीत?" दादा म्हणाला, "छापणाऱ्याची चूक झाली."

मला इतकी किळस आली, बाई! आणखी एक गरीब माणूस पुसायला निघाला हा, तो छापणारा. मी मोठ्यानं म्हटलं, "छापणाऱ्याची चूक नाही. चिमणीचीही नाही. मी सांगितलं, मला काढ."

"आई, घरी बोलू."

"घरी बोलून बघितलं, तू ताट सरकवलंस. माझ्या खांद्यावर माझ्या मुलीचा हात होता. तो तू पुसायला लावलास. जिचा हात नको, तिची आई कशाला हवी? तुला स्वच्छ हवं होतं ना? घे. आता कसं स्वच्छ वाटतंय!"

वहिनी तशीच वाकून पाहुण्यांचे बूट पुसायला लागली.

भट्टीमामा आले होते, आपले भट्टी लावणारे. आता दात नाहीत, नजरही गेल्यासारखीच. ते काठी टेकत फोटोपाशी गेले, भिंतीला नाक लावून शेवटपर्यंत सरकत गेले आणि दादाला म्हणाले, "मालक, मालकीणबाई नाहीत ते कळलं. पण आमची पोरगी कुठंय? टोपीवाली? ती इथं माझ्या डाव्या हाताला होती."

दादा कोटाची बटणं चाचपत राहिला. मामांना वाटलं, त्याला ऐकू आलं नाही. म्हणून त्यांनी पुन्हा विचारलं, आणखी मोठ्यानं.

चिमणीनं मला धरून बाहेर नेलं. ती रडत होती आणि मी हसत होते. रस्त्यावरून जाणाऱ्यांना वाटलं असेल, म्हातारी पोरीला छळतेय.

तुझी आई


गुरुवार, ६ मार्च

ठिणगे,

फोटो उतरवला आहे. भिंतीवर नुसते खिळे. आणि गंमत अशी की पाव घ्यायला येणारा प्रत्येक माणूस तिकडे बघून माझी चौकशी करतो. मी फोटोत होते तेव्हा इतकी वर्षं कुणी विचारलं नव्हतं, आजी बऱ्या आहेत का म्हणून! मी दोनदा मुद्दाम दुकानात जाऊन बसले, विचारून घ्यायला. वहिनी म्हणते, "आई, तुम्हाला मजा वाटतेय." वाटतेय! लपवू कशाला?

दादा माझ्याशी बोलत नव्हता. चिमणीशीही नाही. तिनं मार खाल्ला नाही, एवढं तुला कळवते. काल सकाळी तो माझ्या खोलीच्या दारात आला. आत येईना, बाहेरही जाईना. लहानपणी काही फोडलं की उभा राहायचा तसा.

"तुला परत घालायला सांगितलं चिमणीला," तो म्हणाला.

"बरं."

"ती म्हणते, जमणार नाही. म्हणते तू आणि आत्या एकाच तुकड्यात आहात. तुझ्या खांद्यावरच तिचा हात आहे. घालीन तर तो तुकडा अख्खा घालीन, नाही तर पप्पा, तुमचं तुम्ही बसा माउस घेऊन."

असं म्हणाली, माझी चिमणी! मला उठून नाचावंसं वाटलं, पण गुडघे.

मी म्हटलं, "मग?"

तो भिंतीकडे बघत म्हणाला, "आई, जुनं दुकान सकाळी उघडलं की इतकी वर्षं ती समोर. गल्ल्यावर बसलो की ती समोर. पाव हातात घेतला तरी बघते. मला बघवत नाही गं."

एवढ्या वर्षांत हे एक वाक्य तो धड बोलला. मला त्याची कीव आली, आणि कीव आली म्हणून स्वतःची चीडही आली. मी म्हटलं, "ती बघत नाही. ती हसतेय त्या फोटोत. नीट बघ एकदा." तो म्हणाला, "बघू." जाता जाता पुन्हा म्हणाला, "घालू दे तिला. दोघींना. बघू."

बघू! हा शब्द कुणी काढला त्याला भट्टीत घालायला हवं. माझ्या घरातलं प्रत्येक सडकं काम या "बघू"च्या कागदात गुंडाळून ठेवलेलं असतं. तरी पण त्याच्या तोंडून "दोघींना" निघालं, ते मी ऐकलं.

मी आनंदानं चिमणीकडे गेले. तिनं कॉम्प्युटर लावला, तुकडे काढले, आपला तुकडा वर आणला. पिवळट, जरा तिरका. तुझी टोपी, माझी शाल, तुझी बोटं. ती जोडायला लागणार, तेवढ्यात मीच तिचा हात धरला.

मला सुचलं, आपण पुन्हा तेच करतोय. दादानं ठरवलं तू नकोस, काढली. दादानं ठरवलं बघू, घातली. मी ठरवलं मी पण नको. चिमणीनं ठरवलं अख्खा तुकडा. तुझा चेहरा आणि सगळ्यांनी तुझ्यावाचून ठरवलं. तुझी बोटं पुसली तेव्हा आम्ही तुला विचारलं नाही. ज्या घराचा पाव खाणार नाही म्हणून तू गेलीस, त्याच घराच्या दुकानात, निळ्या केकांच्या समोर, "विश्वासाची चाळीस वर्षं" या अक्षरांच्या वर तुला उभं करायचं, हे मला तुझ्यासाठी चांगलं वाटलं. पण तुला ते कसं वाटेल? तुलाच किळस आली तर?

तर चिमणी थांबली आहे. भिंत रिकामी आहे, तिला काही घाई नाही. दादा रोज विचारतो, झालं का, आणि आम्ही दोघी म्हणतो, बघू.

तू सांग. तुला त्या फोटोत राहायचं आहे का? हो म्हणालीस तर आपला तुकडा अख्खा बसेल, सुरकुत्या-काजळीसकट, चिमणीनं कबूल केलंय. नाही म्हणालीस तर मीही नाही, माझी खुर्ची रिकामीच राहू दे. मी रुसलेली आहेच, पण ते वेगळं. त्या रुसव्यासाठी तू घाबरून हो म्हणू नकोस.

फक्त ते "नाही" तुझ्या अक्षरातलं असू दे. एक शब्द पुरे. मी तो चष्मा न लावतासुद्धा वाचीन.

तुझी आई